उष्णतेचा चकवा

दोस्तांनो, रात्री रानातून जाणाऱ्या माणसाला चकवा लागतो आणि तो पहाटेपर्यंत त्याच त्या झाडाभोवती फिरत राहतो, असं तुमची आजी सांगते ना? तो चकवा खरा की खोटा हे तिलाच ठरवू दे. आज मी ज्या चकव्याबद्दल सांगणार आहे तो मात्र शंभर टक्के खरा आहे. तो अंधाराचा नाही, उष्णतेचा आहे. आकाशात उडणाऱ्या माणसांचे जीव त्याच्यावर टांगलेले असतात. पण माणसाच्या कितीतरी आधी तो जमला एका खारीला, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करू.

ही खार अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. आपल्या खारीसारखी झाडावर फारशी रमत नाही, जमिनीत बिळं करून राहते आणि तिच्या पाठीवर रामाची बोटंही नाहीत. तिचा मोठा वैरी म्हणजे रॅटलस्नेक, शेपटीचा खुळखुळा वाजवणारा विषारी साप. मोठ्या खारीला त्याच्या विषाचा फारसा त्रास होत नाही, तिच्या रक्तातच त्यावर उतारा असतो. पण पिल्लांना तो गिळतो. म्हणून साप बिळाजवळ आला की आई पळून जात नाही. ती शेपटी फुलवते आणि त्याच्यासमोर झेंड्यासारखी हलवत उभी राहते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी हे दृश्य उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिलं, तेव्हा त्यांना दिसलं की रॅटलस्नेक समोर असला की खारीची शेपटी नुसती हलत नाही, ती तापते! गोफर स्नेक नावाचा दुसरा साप समोर आणला. खारीने शेपटी तशीच हलवली, पण ती गारच राहिली. असं का? कारण रॅटलस्नेकला उष्णता 'दिसते' आणि गोफर स्नेकला दिसत नाही. जो बघूच शकत नाही, त्याच्यासाठी दिवा कशाला लावायचा? पुढे शास्त्रज्ञांनी भुसा भरलेली, यंत्राने हलणारी एक नकली खार केली आणि तिच्या शेपटीत गरम करायची सोय केली. शेपटी गरम असली की साप हल्ल्याचा विचार सोडून स्वतःला सांभाळायच्या मागे लागायचा. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झालं.

आता उष्णता दिसते म्हणजे काय? मागे १८०० साली विल्यम हर्षल या खगोलशास्त्रज्ञाने (युरेनस ग्रह शोधणारे ते हेच) सूर्यप्रकाश लोलकातून सोडून त्याचे सात रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा सगळ्यात जास्त चढला. म्हणजे तिथे न दिसणारे किरण पडत होते. त्यांनाच आपण अवरक्त किरण म्हणतो, इंग्रजीत इन्फ्रारेड. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा दिवा बऱ्याच मोबाईलच्या पडद्यावर लुकलुकताना दिसेल. तो अवरक्तच, पण तांबड्याच्या अगदी शेजारचा. अंगाच्या उबेचे किरण त्याहून पुष्कळ पलीकडचे, ते मोबाईलला पकडता येत नाहीत. तुम्ही, तुमचं मांजर, चुलीवरचा तवा, सगळेच हे किरण सतत बाहेर टाकत असतात. जी वस्तू जितकी गरम, तितके ते जास्त.

रॅटलस्नेकच्या डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध दोन्ही बाजूंना एकेक खळगी असते. तिच्यात ताणून बसवलेला एक अगदी पातळ पडदा असतो, आणि एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबातला फरकही त्याला कळतो. आपल्या सह्याद्रीतला हिरवा चापडा याच जातकुळीतला, त्यालाही ही खळगी आहे. (नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांना मात्र नाही.) साप या खळगीतून येणारं उबेचं धूसर चित्र आणि डोळ्यांनी दिसणारं चित्र मेंदूत एकावर एक ठेवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच कॅलिफोर्नियात मोहावी नावाचं वाळवंट आहे, आणि त्यात चायना लेक इथे अमेरिकी नौदलाचं शस्त्रास्त्रांचं केंद्र. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे विल्यम मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक क्षेपणास्त्र बनवायला घेतलं. शत्रूच्या विमानाच्या इंजिनातून जी उष्णता बाहेर पडते, तिचा माग काढत जाणारं. वाळूवरून आडवा आडवा सरकत जाणारा एक रॅटलस्नेक त्या वाळवंटात राहतो, त्याला साइडवाइंडर म्हणतात. क्षेपणास्त्राला नाव दिलं तेच. १९५३ साली त्याने चाचणीत पहिल्यांदा लक्ष्य गाठलं आणि सप्टेंबर १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर ते पहिल्यांदा खऱ्या लढाईत वापरलं गेलं.

नाव सापाचं घेतलं खरं, पण सापाची नजर काही त्याला आली नव्हती. साप निदान धूसर चित्र पाहतो. पहिल्या साइडवाइंडरच्या डोळ्याला चित्र असं काही दिसतच नव्हतं. त्याला कळायचं एवढंच, की ऊब आहे किंवा नाही. मग ती ऊब उजवीकडे आहे की डावीकडे, आणि ती विमानाची की उन्हात चकाकणाऱ्या ढगाची, हे कसं ओळखायचं?

यासाठी शास्त्रज्ञांनी केलेली युक्ती मला फार आवडते. तुम्हीही करून बघा. रात्री गच्चीवर जा आणि लांबच्या एखाद्या दिव्याकडे एका डोळ्याने बघा. आता हाताची बोटं फाकवून डोळ्यासमोर भरभर हलवा. दिवा लुकलुकतो. तसंच दिवसा मोकळ्या आकाशाकडे बघत करा. आकाश लुकलुकत नाही, नुसतं थोडं अंधुक होतं. कारण ठिपका बोटाआड पूर्ण लपतो, पसरलेली वस्तू लपत नाही. साइडवाइंडरच्या डोळ्यासमोर अशीच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक चक्री फिरत असे. लुकलुकतं ते विमान, न लुकलुकणारा तो ढग. आणि ही लुकलुक चक्रीच्या फेरीत कुठे होते, त्यावरून विमान कोणत्या बाजूला आहे तेही समजायचं. एवढ्याशा चक्रीने केवढं काम केलं पाहा! तरीही हे क्षेपणास्त्र कधीकधी विमान सोडून सूर्याच्याच मागे लागायचं. शिवाय त्याला इंजिनाचा तापलेला मागचा भागच दिसत असल्यामुळे शत्रूच्या पाठीमागे जाऊनच ते सोडावं लागे.

अशा ठिपक्यामागे धावणाऱ्या डोळ्याला फसवणं सोपं होतं. वैमानिकाने एक जळती नळकांडी बाहेर टाकायची. तिला फ्लेअर म्हणतात, आपण चकवा म्हणू. तिच्यात असतो मॅग्नेशियम, जो हायस्कूलच्या प्रयोगशाळेत पांढराशुभ्र जळून दाखवतात, आणि त्यासोबत टेफ्लॉन. हो, आईच्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच! दोन्ही मिळून असे भडकतात की उष्णता दोन हजार अंशांच्या वर जाते. जळतात चारच सेकंद, पण तेवढे पुरतात. क्षेपणास्त्राला आता एकाऐवजी दोन ठिपके दिसतात. ते दोघांच्या मधली वाट धरतं, आणि जसजसे ठिपके लांब होतात तसतसं जास्त झगझगीत ठिपक्याकडे वळतं. विमान निसटतं.

हेलिकॉप्टरवाल्यांनी तर आणखी गंमत केली. त्यांनी एक तापवलेला दगडासारखा दिवा शेपटीकडे बसवला आणि त्याभोवती झाकणं फिरवून त्याला लुकलुकायला लावलं, तेही बरोबर क्षेपणास्त्रातल्या चक्रीच्या वेगाच्या आसपास. बिचाऱ्या डोळ्याचा हिशेबच चुकायचा. विमान डावीकडे असताना त्याला ते उजवीकडे वाटायचं. अमेरिकी सैनिक या यंत्राला 'डिस्को लाइट' म्हणत.

मग क्षेपणास्त्रवाल्यांनी डोकं चालवलं. लोहाराच्या भट्टीजवळ उभे राहिला आहात का? लोखंड आधी लाल होतं, मग केशरी, मग पिवळं. रंग पाहून लोहार ते किती तापलंय ते सांगतो. अवरक्त किरणांतही असे 'रंग' असतात. इंजिन काहीशे अंशांवर तापलेलं, चकवा दोन हजारांवर. दोघांचा रंग एक कसा असेल? म्हणून दोन रंग ओळखणारा डोळा बनवला. शिवाय चकवा विमानातून सुटला की हवेच्या अडथळ्याने झटकन मागे पडतो. समोरचा ठिपका एकाएकी भडकला आणि मागे जायला लागला, की क्षेपणास्त्र क्षणभर डोळा मिटून घेतं आणि सरळ पुढे जातं.

विमानवाले तरी कुठे गप्प बसणार? त्यांनी विमानासोबत थोडं अंतर उडणारे चकवे काढले. हवा लागताच मंद तापणारे, फार न भडकणारे धातूचे पातळ पत्रेही काढले. चोर-शिपायाचा खेळ पन्नास-साठ वर्षं चालूच आहे.

खरा फरक पडला तो डोळ्याला चित्र दिसायला लागल्यावर. नव्या साइडवाइंडरच्या डोळ्यात एकाच्या जागी उष्णता टिपणारे १२८ ओळी गुणिले १२८ रकाने, म्हणजे १६,३८४ बारीक ठिपके आहेत. गुणाकार वहीत करून पाहा, मी केला आहे. हे क्षेपणास्त्र २००३ मध्ये अमेरिकी सैन्यात दाखल झालं. त्याचा डोळा उणे दोनशे अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो, नाहीतर डोळ्याच्या स्वतःच्याच उबेत बाहेरची ऊब हरवून जाईल. एवढ्या थंड डोळ्याला हवेच्या घर्षणाने कोमट झालेले विमानाचे पंखसुद्धा दिसतात. त्यामुळे पाठीमागे जायची गरज राहत नाही, समोरूनही विमान ओळखता येतं.

पण चित्र दिसलं म्हणजे काम झालं, असं नाही. त्या चित्रातलं नेमकं काय पकडून ठेवायचं? समजा, तुम्ही वारीत आजोबांबरोबर चालला आहात. गर्दीत हात सुटला. सगळ्यांच्याच डोक्यावर पांढरी टोपी. तेवढ्यात आजोबांच्या टोपीपेक्षाही शुभ्र टोपी घातलेलं कुणी समोरून गेलं, तर तुम्ही त्याच्या मागे जाल का? नाही. आजोबा किंचित डावीकडे झुकून चालतात, त्यांच्या खांद्याला पडशी आहे, आणि मघाशी ते त्या पताकेच्या शेजारी होते, म्हणजे आता फार तर दोन पावलं पुढे असतील. हे सगळं तुमचं डोकं तुम्हाला न सांगताच जुळवतं.

क्षेपणास्त्रातला संगणक हेच करतो. विमानाच्या चित्राभोवती तो मनातल्या मनात एक छोटी चौकट आखतो. पुढच्या क्षणी नवं चित्र आलं की सगळीकडे शोधत बसत नाही. विमान आत्तापर्यंत ज्या वेगाने आणि ज्या दिशेने गेलं, त्यावरून ते आता कुठे असायला हवं त्याचा अंदाज बांधतो आणि तिथेच बघतो. आकार तोच आहे ना? आपण जवळ जातोय, म्हणजे चित्र थोडं मोठं व्हायला हवं, ते झालं ना? चौकटीत एक झगझगीत गोळा येतो. तो झगझगीत असला तरी त्याला पंख नाहीत आणि तो मागे मागे सरकतोय. सोडून दे त्याला.

आणि चकव्यांच्या झगमगाटात विमान अगदी झाकूनच गेलं तर? कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळ करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटर लांब. ताशी ६५ किलोमीटरने गाडी आत शिरली, तर सहा मिनिटांनी ती दुसऱ्या तोंडातून बाहेर येणार हे गाडी न दिसताही तुम्ही सांगाल. तसंच संगणकही सांगतो. लक्ष्य दिसत नसलं तरी त्याची चौकट अंदाजाने पुढे सरकत राहते, आणि झगमगाट विझला की तो त्याच जागी पुन्हा बघतो. विमानाने मधल्या वेळात जोरात वळण घेतलं तर मात्र अंदाज चुकतो, म्हणून वैमानिक चकवे टाकता टाकताच वळतात. फार लांबून तर विमान त्या १६,३८४ ठिपक्यांपैकी एक-दोनच व्यापतं. तेवढ्यात कसला आकार आणि कसले पंख! तिथे नव्या डोळ्याची अवस्था जुन्यासारखीच असते.

हे सगळं कितीही मजेदार वाटलं, तरी क्षेपणास्त्र माणसं मारण्यासाठी असतं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. आणि ते नेहमी लढाऊ विमानावरच सुटतं असंही नाही. २२ नोव्हेंबर २००३ रोजी इराकमधल्या बगदादहून पार्सलं पोचवणारं एक एअरबस विमान बहारीनला निघालं. त्यात तीन माणसं होती, आणि चकवे नव्हते. मालवाहू विमानात ते कोण ठेवणार? उड्डाणानंतर थोड्याच वेळात, खांद्यावरून सोडायचं उष्णतेमागे जाणारं एक छोटं क्षेपणास्त्र डाव्या पंखावर येऊन फुटलं. पंखाला आग लागली. विमान वळवायचे सगळे भाग ज्या तेलाच्या दाबावर हलतात, ते तेल पार वाहून गेलं. हातात राहिली फक्त दोन इंजिनं. डाव्या-उजव्या इंजिनाची ताकद कमी-जास्त करत त्या तिघांनी विमान वळवलं, खाली आणलं आणि बगदादच्याच धावपट्टीवर उतरवलं. ते धावपट्टी सोडून वाळूत घुसलं, पण तिघेही जिवंत बाहेर आले. तोपर्यंत अशा अवस्थेतलं विमान फक्त इंजिनांच्या जोरावर इतकं सुखरूप उतरवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

म्हणूनच आता काही मोठ्या विमानांना वेगळं संरक्षण देतात. चित्र पाहणारा डोळा जळत्या नळकांडीला सहज फसत नाही, तर मग त्या डोळ्यातच उजेड मारायचा! विमानावरचं यंत्र येणारं क्षेपणास्त्र हेरतं आणि नेमका त्याच्या डोळ्यावर अवरक्त लेझरचा झोत धरतं. तुमच्या डोळ्यांवर कुणी आरशाने उन्हाचा कवडसा पाडला तर तुम्हाला काय दिसतं? तसंच त्याचं होतं. आपल्या राष्ट्रपती आणि पंतप्रधानांसाठी २०२० मध्ये दोन बोइंग ७७७ विमानं आली. त्यांच्यासाठी असं संरक्षण भारताला विकायला अमेरिकेने २०१९ मध्ये मंजुरी दिली होती.

आता घरच्या नागाबद्दल. नागाच्या तोंडावर उष्णतेची खळगी नसते हे वर वाचलंत. पण भारताने रणगाड्यांविरुद्ध जे क्षेपणास्त्र बनवलं त्याचं नाव 'नाग' आणि त्याला मात्र उष्णतेचं चित्र पाहणारा डोळा आहे! डॉ. अब्दुल कलाम ज्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे प्रमुख होते, तो १९८३ मध्ये सुरू झाला. नाग त्यातलाच. सोडण्याआधी त्याला रणगाड्याचं चित्र दाखवतात, मग तो ते चित्र धरून स्वतःच जातो. राजस्थानच्या वाळवंटात त्याची गाठ एका अशा चकव्याशी पडली, जो कुणी मुद्दाम टाकलेलाच नव्हता. भर उन्हाळ्याच्या दुपारी रणगाडा आणि त्याच्या आजूबाजूची वाळू सारखीच तापायची. मग उष्णतेच्या चित्रात वेगळं दिसणार तरी काय? पांढऱ्या कागदावर पांढऱ्या खडूने काढलेल्या रेघेसारखी गत! त्यासाठी आणखी बारीक फरक ओळखणारा डोळा तयार करावा लागला. जुलै २०१९ मध्ये पोखरणला उन्हाळ्यातल्या चाचण्या झाल्या आणि २२ ऑक्टोबर २०२० रोजी तिथेच शेवटची चाचणी यशस्वी झाली.

असा डोळा फक्त लढाईतच लागतो असं नाही. जुन्नर, शिरूर भागात उसात बिबट्या शिरला तर वन खात्याची माणसं उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेलं ड्रोन वर पाठवतात. तिथे मुद्दाम कुणी चकवा टाकत नाही, पण उसाची पानं पडद्यासारखी मध्ये येतात. बिबट्या फटीतून क्षणभर दिसतो आणि पुन्हा गडप होतो, म्हणून त्याच्यासाठीही करबुड्याच्या बोगद्याचाच हिशेब करावा लागतो. पहाटेचं गारेगार शेत त्यासाठी सगळ्यात सोयीचं.

आता तुमच्यासाठी काम. लोखंड आणि माती दिवसभरात एकसारखी तापत नाहीत आणि एकसारखी निवतही नाहीत. शाळेच्या मैदानावरचा एखादा लोखंडी खांब निवडा. शाळेतला तापमापक मागून घ्या, त्याचा फुगा खांबाला टेकवा आणि वरून कापसाचा बोळा बांधा. दुसरा तापमापक शेजारच्या मातीत अगदी वरवर खोचा. हात लावून ठरवू नका हं, लोखंड हाताची ऊब पटकन ओढून घेतं, त्यामुळे ते असतं त्याहून गार लागतं. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर तासाला दोन्ही आकडे लिहा आणि आलेखाच्या कागदावर दोन रंगांत दोन रेषा काढा. त्या एकमेकींना किती वेळा छेदतात आणि किती वाजता? त्या वेळी नागाला तुमचा खांब दिसला नसता. आलेख पाठवा. गावाचं नाव आणि महिना लिहायला विसरू नका, कारण नागपूरच्या मे महिन्याचा आलेख आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरचा आलेख मला शेजारी शेजारी ठेवून बघायचे आहेत.